ॲल्युमिनियमचं हेड आणि ब्लॉक धुवायला काय वापरावं?

कराडजवळ नुकतंच गॅरेज टाकलेल्या एका तरुण मेकॅनिकने विचारलंय: "आजवर सगळे पार्ट पेट्रोलमध्ये धूत होतो. महाग पडतं आणि आगीची भीतीही वाटते, म्हणून केमिकलच्या दुकानातून 'इंजिन क्लीनर' म्हणून पाच लिटरचा कॅन आणला. त्यात १०० सीसी बाइकचं क्लच कव्हर रात्रभर बुडवून ठेवलं. सकाळी ग्रीस सगळं निघालेलं, पण कव्हर काळंकुट्ट पडलेलं, आणि हाताला काळी पूड लागते. आता हेड आणि ब्लॉक धुवायचे आहेत. काय वापरू? की पेट्रोलच बरं? आणि त्या कव्हरचं काय करू?"

आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे काम अडणार नाही. हेड आणि ब्लॉक त्या कॅनमध्ये अजिबात घालू नका. पहिला हात एमटीओचा (रंगवाले वापरतात ते मिनरल टर्पेंटाइन) किंवा डिझेलचा द्या. दुसरा हात ॲल्युमिनियमला चालणाऱ्या, पाण्यात मिसळायच्या सौम्य क्लीनरचा द्या. पाणी चांगलं गरम, वेळ दहा-पंधरा मिनिटं, ब्रश हातात. मग भरपूर पाण्याने धुऊन लगेच एअर मारा. पेट्रोल बंद करा. आता हे असं का, ते सविस्तर सांगतो. कारण कळलं नाही तर पुढच्या वेळी दुकानदार दुसऱ्या रंगाचा कॅन हातात देईल आणि पुन्हा तेच होईल.

तुमच्या कॅनमध्ये कॉस्टिक सोडा होता, हे मी कॅन न पाहता जवळजवळ खात्रीने सांगतो. रात्रभरात काळं पडणं आणि काळी पूड सुटणं ही त्याचीच खूण. दुकानदाराने फसवलं असंही म्हणता येत नाही. आमच्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यात इंजिनकाम वाढलं ते डिझेल इंजिनं, पंप आणि बीडाच्या (म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कास्ट आयर्नच्या) कास्टिंगवर. बीडाचा ब्लॉक गरम कॉस्टिकच्या टाकीत टाकायचा, दुसऱ्या दिवशी काढायचा, ही पद्धत इथे मुरलेली आहे आणि बीडाला ती चालतेही. लोखंड कॉस्टिकला दाद देत नाही. तेल, जुना रंग, कार्बन सगळं सुटून येतं. घोटाळा झाला तो धातू बदलला तेव्हा. बाइकचं अख्खं इंजिन आणि आजकालच्या बहुतेक गाड्यांचं हेड ॲल्युमिनियमचं झालं, पण धुण्याची सवय बीडाचीच राहिली. दुकानात आजही 'इंजिन क्लीनर' मागितलं की समोरचा बीडाचाच विचार करून देतो.

ॲल्युमिनियम हा मुळात फार चटकन रिॲक्शन करणारा धातू आहे. तो टिकतो तो अंगावरच्या ऑक्साइडच्या थरामुळे. हवा लागली की हा थर आपोआप तयार होतो, आणि तो जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो. साधारण ४ ते ८.५ पीएचच्या दरम्यान हा थर शाबूत राहतो. त्याच्या खाली, म्हणजे तीव्र ॲसिडमध्ये, तो विरघळतो. वर, म्हणजे तीव्र अल्कलीमध्येही विरघळतो. थर गेला की कॉस्टिक थेट धातूला भिडतो. धातू ॲल्युमिनेट होऊन पाण्यात जातो आणि हायड्रोजन सुटतो. कव्हर बुडवल्यावर जे बारीक बुडबुडे दिसतात ते मळ सुटल्याचे नसतात. तो हायड्रोजन असतो, म्हणजे तेवढं कव्हर गेलेलं असतं. बंद खोलीत, शेजारी आर्गॉनचं वेल्डिंग चालू असताना हे होणं किती धोक्याचं, ते वेगळं सांगायला नको. शिवाय या क्रियेत उष्णता निघते, पाणी तापतं आणि तापलं की क्रिया आणखी वेग घेते.

काळी पूड कुठून आली, तेही बघा. क्रँककेस आणि साइड कव्हर बहुधा एडीसी-१२ सारख्या डाय-कास्टिंग अलॉयची असतात. त्यात साधारण १० ते १२ टक्के सिलिकॉन आणि दीड ते साडेतीन टक्के तांबं असतं, थोडं लोखंडही असतं. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो. तांबं, लोखंड आणि बरंचसं सिलिकॉन मागे राहतं. तेच पुडीच्या रूपात पृष्ठभागावर बसतं. तुमच्या हाताला लागलेलं काळं म्हणजे कव्हरच आहे, ज्यातून ॲल्युमिनियम निघून गेलंय.

ॲनोडायझिंगवाले पत्र्याला खरबरीत करायला मुद्दाम कॉस्टिकच वापरतात, पण साधारण पाच टक्के, ५०-६० अंशांना आणि घड्याळ लावून मोजकी मिनिटं. तेवढ्यातही धातूचा थर जातो, आणि त्यांना तो घालवायचाच असतो. आपल्याला इंजिनात काहीच घालवायचं नसतं. बऱ्याच गाड्यांच्या हेडमध्ये कॅमशाफ्ट थेट ॲल्युमिनियमच्या जर्नलमध्ये, म्हणजे हेडमधल्याच गोल बैठकीत फिरतो. वेगळं बेअरिंग नसतं. तिथली ऑइलची फट साधारण पाच-सहा शतांश मिलिमीटरची. ती थोडी जरी वाढली तरी ऑइल प्रेशर पडतं. असं हेड कॉस्टिकमधून काढलं की वरून लखलखीत दिसतं, गिऱ्हाईक खूश होतं, आणि काही महिन्यांनी कॅमच्या आवाजाची तक्रार घेऊन येतं. तेव्हा धुण्याचा आणि आवाजाचा संबंध कोणी लावत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की डिग्रीजर, म्हणजे ग्रीस काढणारा क्लीनर, विकत घेताना 'किती लवकर साफ करतो' हे नंतर विचारा. आधी विचारा, 'धातूला काय करतो?' हे उत्तर लेबलच्या पुढच्या बाजूला सापडत नाही. पुढे 'हेवी ड्यूटी', 'इंडस्ट्रियल', 'इको' असं काहीबाही लिहिलेलं असतं. 'नॉन-ॲसिडिक' या शब्दावर तर बरेच जण फसतात. ॲसिड नाही म्हणजे ॲल्युमिनियमला सुरक्षित, असं वाटतं. पण कॉस्टिकसुद्धा नॉन-ॲसिडिकच की. 'बायोडिग्रेडेबल'चंही तसंच, तो शब्द नाल्याबद्दल काही सांगतो, तुमच्या हेडबद्दल नाही. लिंबाचा किंवा संत्र्याचा वास असला तर अजून गोंधळ. तो वास डी-लिमोनीनचा असू शकतो, जे संत्र्याच्या सालीतलं तेल आहे आणि ग्रीस उत्तम काढतं. किंवा नुसता सेंट असतो आणि आत कॉस्टिक.

दुकानदाराकडे मटेरियल सेफ्टी डेटा शीट मागा. चांगल्या कंपनीचा माल असेल तर ती मिळते, मोबाइलवरही मागवता येते. तिचे सोळा भाग ठरलेले असतात. सगळं वाचत बसू नका. तिसऱ्या भागात घटक असतात. तिथे सोडियम हायड्रॉक्साइड (म्हणजेच कॉस्टिक सोडा) किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिसलं तर कॅन परत द्या. नवव्या भागात पीएच आणि फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते ते) असतो. दहाव्या भागात कशाशी जमत नाही ते लिहिलेलं असतं. तिथे पुष्कळदा सरळ 'ॲल्युमिनियम, जस्त' असं छापलेलं सापडतं. शीट देतच नसेल तर तो माल ॲल्युमिनियमसाठी घेऊ नका. बिनलेबलचा सुट्टा माल तर नकोच.

पीएचच्या पट्ट्या केमिकलच्या दुकानात स्वस्तात मिळतात. पाण्यात मिसळून वापरायचा त्या प्रमाणात द्रावण करून पट्टी बुडवा. ७ ते ९.५ च्या दरम्यान आला तर दहा-पंधरा मिनिटांच्या धुण्यापुरतं निर्धास्त राहा. १२-१३ आला तर विषय संपला. मधल्या पट्ट्यात, १० ते ११ च्या आसपास, जरा डोकं लावावं लागतं. काही क्लीनरमध्ये सोडियम मेटासिलिकेट असतं. त्याचा पीएच चढा असतो, पण सिलिकेट ॲल्युमिनियमवर स्वतःचा पातळ थर धरतं आणि धातूला बऱ्यापैकी वाचवतं. बनवणाऱ्याने 'ॲल्युमिनियमसाठी' असं स्पष्ट लिहिलं असेल आणि सांगितलेल्या वेळेपुरतंच बुडवणार असाल तर असा क्लीनर चालतो. धुण्याचा सोडा मात्र या यादीत धरू नका. तो ११ च्या आसपासचा आहे आणि त्याला सिलिकेटचा आधार नाही. गंजलेल्या लोखंडाला सोड्याच्या पाण्यात बॅटरी लावून साफ करायचे व्हिडिओ बघून कोणी कार्ब्युरेटर त्यात टाकतं, तेही करू नका.

आणि कुठलाही नवा कॅन आला की आधी भंगारातल्या फुटक्या कव्हरवर चाचणी घ्या. वापरायचं तेवढंच प्रमाण, तेवढंच तापमान, आणि नेमक्या वेळेच्या दुप्पट वेळ. बुडबुडे आले, रंग राखाडी झाला किंवा पांढऱ्या चिंधीला काळं लागलं, तर तो माल बीडासाठी बाजूला ठेवा. स्वयंपाकघरातल्या फॉइलचा तुकडा टाकून बघायची युक्तीही चांगली आहे, कॉस्टिक असेल तर काही मिनिटांत फॉइल फसफसायला लागतं. पण फॉइल जवळपास शुद्ध ॲल्युमिनियम असतं आणि कास्टिंगमध्ये तांबं-सिलिकॉन असतं, म्हणून फॉइल वाचलं तरी कव्हर काळवंडू शकतं. शेवटचा निकाल भंगारातल्या कव्हरवरच.

ॲसिडबद्दल एकदाच सांगतो. संडास साफ करायच्या बहुतेक लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. काळं पडलेलं कव्हर त्याने उजळतं असं कोणी सांगेल, आणि क्षणभर उजळतंही. पण क्लोराइड कास्टिंगच्या छिद्रांत राहतो आणि नंतर आतून टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडत जातात. याहून वाईट म्हणजे रिम आणि ट्रकच्या टाक्या चमकवायचे 'ॲल्युमिनियम ब्राइटनर'. यातल्या कित्येकांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. पातळ द्रावण हाताला लागलं तर लगेच काही जाणवत नाही, काही तासांनी असह्य दुखायला लागतं, तोवर ते कातडीखाली उतरून शरीरातलं कॅल्शियम ओढायला लागलेलं असतं. यावर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लावतात आणि तडक दवाखाना गाठावा लागतो. कुठल्याही गिऱ्हाइकाच्या रिमसाठी हे गॅरेजमध्ये ठेवू नका. गॅरेजात शिकाऊ पोरं असतात, ती हातमोजे घालत नाहीत.

आता पेट्रोल. धातूच्या दृष्टीने पाहिलं तर पेट्रोल ॲल्युमिनियमला काही करत नाही, म्हणूनच सगळीकडे चालत आलंय. अडचण आहे ती माणसाच्या आणि आगीच्या बाजूने. त्याचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या खाली चाळीसएक अंशांवर आहे. म्हणजे आपल्याकडे वर्षातल्या कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी, ट्रेमधल्या पेट्रोलची वाफ पेटायला तयार असते. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते, आणि ठिणगी चार पावलांवरच्या कंप्रेसरच्या स्विचची असली तरी पुरते. त्यात स्प्रे गनने पेट्रोल मारत असाल तर स्थिर विजेची ठिणगी तुम्ही स्वतःच तयार करता. शिवाय पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझीन असतं, आणि बेंझीनचा रक्ताच्या कर्करोगाशी संबंध निर्विवाद आहे. रोज उघड्या हातांनी पेट्रोलमध्ये पार्ट धुणारा माणूस ते कातडीतूनही घेतो आणि श्वासातूनही. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलही असतं, त्यामुळे जुन्या गाड्यांच्या ओ-रिंग आणि डायफ्राम त्यात ठेवणं बरं नाही.

तेच काम एमटीओ कितीतरी सुरक्षितपणे करतं. त्याचा फ्लॅश पॉइंट ३० अंशांच्या वर असतो. रॉकेल आणि डिझेल ३५ च्या वर. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हे आकडेही ओलांडले जातात हे लक्षात ठेवा; हवा खेळती हवी आणि ट्रेला झाकण हवंच. एमटीओ जरा लवकर उडून जातं आणि पृष्ठभाग बऱ्यापैकी कोरडा सोडतं. डिझेल स्वस्त आणि सोयीचं, पण तेलकट पापुद्रा मागे ठेवतं, म्हणून डिझेलनंतर साबणाचा हात चुकवता येत नाही.

स्प्रेच्या डब्यांबाबत दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. ब्रेक क्लीनर दोन प्रकारचे येतात, क्लोरीनवाले आणि बिनक्लोरीनचे. लेबलवर टेट्राक्लोरोइथिलीन, पर्क्लोरोइथिलीन, ट्रायक्लोरोइथिलीन, डायक्लोरोमिथेन किंवा मिथिलीन क्लोराइड यांपैकी काही दिसलं तर तो क्लोरीनवाला. असल्या क्लीनरने पुसलेलं हेड ओलं असताना आर्गॉन वेल्डिंगला दिलं, तर आर्कच्या उष्णतेने आणि अल्ट्राव्हायोलेट किरणांनी त्याची वाफ फुटून फॉस्जीन तयार होऊ शकतो. फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. वेल्डरला तेव्हा फक्त ठसका लागतो, फुप्फुसात पाणी भरतं ते काही तासांनी. तडा गेलेलं हेड वेल्डिंगला पाठवायचं असेल तर ते कशाने धुतलंय हे वेल्डरला तोंडाने सांगा, आणि शक्यतो ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण सुकवून द्या. ट्रायक्लोरो प्लेटिंगवाल्यांकडे सहज मिळतं म्हणून कोणी आणून देईल. ॲल्युमिनियमच्या बारीक चुऱ्याबरोबर ते एकदम भडकू शकतं. कारखान्यात यासाठी खास स्टॅबिलायझर घातलेला माल वापरतात. गॅरेजच्या बादलीत त्याचं काम नाही.

दुसरी गोष्ट बिनक्लोरीनच्या डब्यांची. त्यांत बऱ्याचदा हेक्झेन असतं. कॅलिफोर्नियात १९९९-२००० च्या सुमारास ब्रेक क्लीनर रोज वापरणाऱ्या काही मेकॅनिकांच्या हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा यायला लागला. तपासात एन-हेक्झेनमुळे नसा खराब झाल्याचं निघालं. म्हणून हे डबे गॅस्केटची जागा शेवटची पुसायला, शटर उघडं ठेवून, एवढ्याचपुरते ठेवा. सगळं हेड स्प्रेने धुणं खिशालाही परवडत नाही आणि शरीरालाही.

कार्ब्युरेटर क्लीनर हे वेगळं प्रकरण आहे. ॲसिटोन, टोल्युइन, झायलीन असले जोरकस सॉल्व्हंट त्यात असतात. धातूला चालतात, रबराला चालत नाहीत. पल्सरसारख्या गाड्यांच्या सीव्ही कार्ब्युरेटरमधला काळा डायफ्राम काढायच्या आधी स्प्रे मारला तर तो फुगतो आणि पुन्हा खाचेत बसत नाही. व्हॉल्व्ह सील, ओ-रिंग, कॅम चेनच्या गाइडचं प्लॅस्टिक, सगळं आधी बाजूला काढा. पिस्टनच्या स्कर्टवर ग्रे-काळा कोटिंगचा पट्टा असतो, त्यालाही जोरकस सॉल्व्हंटमध्ये भिजत ठेवू नका.

प्रत्यक्ष धुताना काय करायचं ते हेडवरच सांगतो. आधी कोरडं खरवडणं. चिखल-तेलाचा जाड थर लाकडाच्या किंवा कडक प्लॅस्टिकच्या पट्टीने जितका निघेल तितका काढा. जे खरवडून निघतं त्यासाठी केमिकल खर्च करू नका. जुनं पॅकिंग काढायला ब्लेड आडवं धरा, कोपरा टोचू नका. ग्राइंडरला खरखरीत गोल पॅड लावून सरफेस चकाचक करायची सवय मोडा. ॲल्युमिनियम मऊ असतं, पॅड तिथे उतार पाडतो. वर पॅडमधली ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड ऑइलच्या वाटेने बेअरिंगमध्ये जाते. जनरल मोटर्सने आपल्या डीलरांना यासाठी खास बुलेटिन काढून असे पॅड वापरायला मनाई केली होती.

मग ट्रेमध्ये एमटीओ किंवा डिझेल घेऊन नायलॉनच्या ब्रशने घासा. पितळी ब्रश कंबशन चेंबरमध्ये हलक्या हाताने चालेल, स्टीलचा कुठेच नको. पार्टचे स्टीलचे बोल्ट, पितळी जेट आणि ॲल्युमिनियम एकाच डब्यात भिजत ठेवू नका, विशेषतः पाण्याच्या क्लीनरमध्ये. वेगवेगळे धातू एका द्रावणात एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियमच मार खातं.

दुसरा हात पाण्याच्या क्लीनरचा. पाणी ५० अंशांच्या आसपास, म्हणजे हात घातला तर चटका बसेल इतकं, हातमोजे नायट्राइलचे. दहा-पंधरा मिनिटं, घासत घासत. मळ निघाला नाही तर वेळ वाढवू नका, बाहेर काढा, पुन्हा सॉल्व्हंट लावा, पुन्हा बुडवा. दोन छोट्या फेऱ्या एका लांब फेरीपेक्षा बऱ्या. रात्रभर भिजवणं हा शब्दच ॲल्युमिनियमच्या कामातून काढून टाका. खास क्लीनर मिळालाच नाही तर भांडी घासायचं साधं लिक्विड, कोमट पाणी आणि ब्रश यानेही डिझेलचा पापुद्रा नीट निघतो. डिशवॉशर मशीनची पावडर किंवा गोळी मात्र वापरू नका. ती चांगलीच अल्कलाइन असते. ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी त्यात ॲल्युमिनियमची कढई काळी पडलेली पाहिली असेल.

अल्ट्रासॉनिक मशीन घेतलं असेल तर कार्ब्युरेटरच्या बारीक वाटांसाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण द्रावण न्यूट्रल हवं, पार्ट जाळीच्या टोपलीत टांगलेला हवा, तळाला टेकलेला नको, आणि पाच-पाच मिनिटांनी बाहेर काढून बघत राहा. पॉलिश केलेल्या किंवा ॲनोडाइज केलेल्या पृष्ठभागावर ते डाग पाडतं.

कार्बनबद्दल एक गैरसमज आहे. चेंबरमधला आणि एक्झॉस्ट पोर्टमधला कडक काळा थर हे ग्रीस नव्हे, आणि कुठलाही सुरक्षित डिग्रीजर तो एका भिजवणीत काढणार नाही. तो काढून दाखवणारा माल सापडला, तर तो धातूही काढतोय का ते बघा. कार्बनला कार्ब क्लीनर किंवा डिकार्बनायझर लावून मऊ होऊ द्यायचं, मग लाकडी पट्टीने आणि ब्रशने काढायचं. एक्झॉस्ट पोर्टमध्ये थोडा डाग राहिला तर गाडीला काही फरक पडत नाही. व्हॉल्व्ह सीट आणि गॅस्केटची जागा स्वच्छ हवी, बाकी हेड आरशासारखं करायची गरज नसते.

धुऊन झाल्यावरचं काम बहुतेक जण घाईने करतात, आणि हेड तिथेच बिघडतं. भरपूर स्वच्छ पाण्याने, आतल्या प्रत्येक वाटेतून पाणी पलीकडे निघेपर्यंत धुवा. बोअरवेलचं पाणी फार जड असेल तर शेवटचा हात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने मारा, नाहीतर क्षाराचे पांढरे डाग राहतात. मग कंप्रेसरची हवा, आणि इथे घाई करू नका. ऑइल गॅलरीच्या प्रत्येक भोकातून हवा मारा, दुसऱ्या टोकाला बोट लावून येतेय का बघा. आणि बंद भोकं, म्हणजे आरपार नसलेले आटे, एकेक करून रिकामी करा. बारीक नळीने तळापर्यंत हवा मारा, वर चिंधी धरा म्हणजे डोळ्यांत उडणार नाही. अशा भोकात चमचाभर पाणी किंवा तेल राहिलं आणि तुम्ही टॉर्क देऊन बोल्ट आवळला, तर द्रव दाबला जात नाही. बोल्ट खाली जाताना तो जॅकसारखा कास्टिंगलाच ढकलतो. ब्लॉकला भोकाशेजारी केसाएवढा तडा जातो. तडा न गेला तरी टॉर्क रेंच खोटा आकडा दाखवतो आणि हेड खरं आवळलंच जात नाही. हेड गॅस्केट पुन्हा पुन्हा जाण्याचं हे एक कारण आहे, आणि लोक दोष गॅस्केटला देतात.

तुमच्या १०० सीसीच्या ब्लॉकमध्ये बाहेर ॲल्युमिनियम असलं तरी आत बीडाची स्लीव्ह आहे. पाण्याच्या क्लीनरनंतर ती डोळ्यांदेखत तांबूस व्हायला लागते. म्हणून ब्लॉक सुकवला की बोअरला, म्हणजे स्लीव्हच्या आतल्या बाजूला, लगेच इंजिन ऑइलचा हात फिरवा. पांढऱ्या कापडाने पुसा, कापड काळं आलं तर पुन्हा पुसा. ते स्वच्छ येईपर्यंत पिस्टन चढवू नका. केटीएमसारख्या काही गाड्यांत बीडाची स्लीव्ह नसते, ॲल्युमिनियमवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप असतो. तिथे गंजाची भीती नाही, पण खरखरीत पॅडची आहे.

धुऊन उरलेलं काळं डिझेल, एमटीओ आणि वापरलेलं ऑइल गटारात सोडू नका. २०१६ च्या नियमांप्रमाणे हा घातक कचरा धरला जातो. डिझेल झाकून ठेवलं तर गाळ खाली बसतो, वरचं पुन्हा पहिल्या हाताला वापरता येतं. तळाचा गाळ आणि जुनं ऑइल परवानाधारक रिसायकलरलाच द्या.

आता तुमच्या कव्हरबद्दल. पहिलं, त्याच्या भोकांत अजून कॉस्टिक शिल्लक असू शकतं. खूप पाण्याने धुवा, पट्टी लावून पाणी न्यूट्रल आलंय का बघा. मग पांढऱ्या विनेगरचं पातळ पाणी एकदा फिरवून पुन्हा साध्या पाण्याने धुवा, उरलंसुरलं कॉस्टिक मोडेल. काळी पूड नायलॉन ब्रश आणि साबणाने बरीच निघेल. प्लेटिंगवाले ती नायट्रिक ॲसिडने काढतात, ते काम त्यांच्याकडेच राहू द्या.

मग कव्हर जाड काचेवर गॅस्केटच्या बाजूने पालथं ठेवा आणि कडेने फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातींचं माप) सरकवून बघा. एक दशांश मिलिमीटरची पात कुठे आत गेली, तर काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून, ऑइल लावून, आठच्या आकड्यात फिरवत सरफेस करा. त्यानंतर आत बघा. ऑइल सीलची जागा आणि क्लच लिव्हरचा शाफ्ट जिथे फिरतो ते भोक, ही दोन ठिकाणं महत्त्वाची. नवीन सील हाताने ढिला बसत असेल, किंवा शाफ्ट भोकात हलत असेल, तर कव्हर बदला. नुसता रंग गेला असेल आणि मापं ठीक असतील तर ते निर्धास्त वापरा, ऑइलच्या आतल्या बाजूला रंगाने काही बिघडत नाही. बाहेरून प्रायमर आणि सिल्व्हर स्प्रे मारला की दिसायलाही चांगलं होईल. गिऱ्हाइकाला मात्र झालेलं सांगा, कव्हर बदलावं लागलं तर खर्च तुम्ही उचला. आणि त्या कॅनवर मोठ्या अक्षरांत 'फक्त बीड' असं मार्करने लिहून वेगळ्या फळीवर ठेवा, पोरांचा हात सहज जाणार नाही अशा जागी.